पंखा बदलण्याआधी मीटर बसवा: ऊर्जा-बचतीची योजना आखायची आणि तपासायची कशी

एका नगरपरिषदेच्या जॅकवेलवर, म्हणजे गावासाठी पाणी उपसणाऱ्या विहिरीवर, एनर्जी ऑडिटसाठी गेलो होतो. ऑपरेटरने लॉगबुक पुढे केलं. दर तासाची नोंद चोख: 415 व्होल्ट, 92 अँपिअर. रात्री दोनला तेच, पहाटे पाचला तेच, दिवाळीच्या पाडव्यालाही तेच, आणि शाई सलग एकाच पेनाची. पॅनेल उघडून क्लॅम्प मीटर लावला तर 78 अँपिअर दिसले. सहा महिन्यांपूर्वी तिथले दोन्ही पंप काढून जास्त कार्यक्षमतेचे नवे बसवले होते. मुख्याधिकाऱ्यांनी चहा मागवला आणि सरळ विचारलं, "सर, पंप बदलले, मग बिल वाढलं कसं?"

मधल्या काळात गावात नवी टाकी झाली होती, दोन वॉर्डांना जास्तीचं पाणी सुरू झालं होतं, पंप रोज तीन तास जास्त चालत होते. म्हणजे पंप चांगले असूनही बिल वाढणं सहज शक्य होतं. पण नक्की किती वाचलं, हे सांगायला जुना पंप तासाला किती पाणी टाकत होता ते माहीत हवं. ते कुणी मोजलंच नव्हतं, आणि पंप भंगारात जाऊन चार महिने झाले होते.

ऊर्जा-कार्यक्षमतेच्या बहुतेक योजनांची गत अशीच होते. वाचलेलं युनिट कुठल्याच मीटरवर दिसत नाही. मीटर दाखवतो तो वापर. बचत म्हणजे "योजना नसती तर किती वापर झाला असता" या न घडलेल्या गोष्टीतून खरा वापर वजा करून आलेला आकडा. त्यामुळे योजनेचं मूल्यमापन शेवटी करायचं काम नाही, ते योजनेच्या आधी ठरवायचं असतं. महापालिका, वीज वितरण कंपनी, एखादी संस्था किंवा या विषयाचा विद्यार्थी, कुणालाही वापरता येईल अशा क्रमाने पुढे मांडतो. चालतं उदाहरण घेऊ घरगुती छतपंख्यांचं: एका शहरात एक लाख बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे) पंखे सवलतीत द्यायचे आहेत.

पायरी 1: बचत कुठे अडली आहे ते आधी शोधा

जुना छतपंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी 28 ते 35. हिशेब इतका सरळ असताना लोक तो घेत का नाहीत? या प्रश्नाला कार्यालयात बसून उत्तर देऊ नका. बाजारपेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात एक शनिवार काढा.

मी काढला आहे. गिऱ्हाईक पंखा निवडत नाही, त्याच्याबरोबर आलेला वायरमन निवडतो. वायरमन म्हणतो, "ताई, याचं सर्किट उडालं तर पंखाच बदलावा लागतो, साधा घ्या, कॅपॅसिटर टाकला की दहा वर्षं बघायला नको." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. दुसरं, भाड्याच्या घरात पंखा मालकाचा आणि बिल भाडेकरूचं. मालक हजार रुपये जास्त कशाला घालेल? नव्या इमारतीत बिल्डरचंही तेच. तिसरं, ज्याचं बिल महिन्याला 100 युनिटच्या आत आहे त्याला वीज स्वस्त पडते, म्हणून त्याची परतफेड लांबते, आणि एकरकमी पैसे नेमके त्याच्याकडेच नसतात.

तीन अडथळे, तीन वेगळे उपाय. वायरमनची भीती सवलतीने जात नाही, ती वॉरंटी आणि सुट्या सर्किटच्या उपलब्धतेने जाते. बिल्डरला सवलत देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तिथे इमारतीच्या मंजुरीत अट हवी. हप्त्याची सोय हवी ती तिसऱ्याला आणि भाडेकरूला. सरसकट "प्रति पंखा 500 रुपये" ही घोषणा छापायला सोपी असते, म्हणून ती होते.

पायरी 2: हत्यार अडथळ्याला साजेसं निवडा

आपल्याकडे यातले बहुतेक प्रयोग होऊन गेले आहेत, नव्याने शोध लावायची गरज नाही. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा झाला, त्याखाली 2002 मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो म्हणजे बीईई उभी राहिली, राज्यात हे काम महाऊर्जाकडे आलं. या दोन दशकांत चार वेगवेगळ्या तऱ्हा आपण पाहिल्या.

एक, तारांकित लेबल. 2006 मध्ये ऐच्छिक सुरू झालं, 2010 पासून एसी आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजना सक्तीचं झालं. लेबलची खरी ताकद माहिती देण्यापेक्षा निकष वरचेवर कडक करण्यात आहे. जून 2022 मध्ये पाच तारे मिरवणारा एसी जुलै 2022 मध्ये साधारणपणे चार ताऱ्यांवर आला. मशीन तेच, पायरी वर सरकली. हे वेळापत्रक आधी जाहीर असेल तर कंपन्या तयारीत असतात. नसेल तर लेबल काही वर्षांत शोभेचं होतं, कारण सगळेच पाच तारे लावून फिरतात.

दोन, एकगठ्ठा खरेदी. 2009 ची बचत लॅम्प योजना सीएफएल 15 रुपयांत देणार होती आणि मधला फरक कार्बन क्रेडिट विकून भरून काढणार होती. क्रेडिटचा बाजार कोसळला आणि योजनेखालची जमीनच सरकली. 2015 च्या उजाला या एलईडी बल्बच्या योजनेने तसं परावलंबन ठेवलं नाही. मोठ्या निविदा वारंवार काढल्या, सरकारी सवलत ठेवली नाही, ग्राहकाला वीजबिलातून हप्त्याने पैसे फेडायची मुभा दिली. एलईडी बल्बचा खरेदी दर 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांपर्यंत आला आणि 36 कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. जगभर एलईडी स्वस्त होतच होते, त्यामुळे सगळं श्रेय योजनेचं म्हणता येत नाही. पण बाजार तिने घाईने पुढे ढकलला, यात मला शंका नाही.

तीन, कारखान्यांना उद्दिष्ट. पॅट (परफॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड) योजनेच्या पहिल्या चक्रात, 2012 ते 2015, 478 कारखान्यांना ऊर्जा-बचतीचं लक्ष्य दिलं. ठरलं होतं साधारण 6.68 दशलक्ष टन तेलतुल्य, म्हणजे तेवढ्या तेलातून मिळेल इतकी ऊर्जा; हाती आलं 8.67. टाळ्या वाजल्या. मला मात्र असं निकालपत्र पाहिलं की पेपर सोपा होता का, हा प्रश्न पडतो. बेसलाइन, म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो आधीचा वापर, 2007 ते 2010 ची आणि चक्र 2012 पासूनचं. मधल्या काळात कारखान्याने धंद्याची गरज म्हणून जे केलं तेही योजनेच्या खात्यात आलं. लक्ष्याहून जास्त वाचवल्याबद्दल मिळालेली प्रमाणपत्रं विकायला आलेले खूप आणि घेणारे कमी असले की भाव पडतो, तसा तो पडलाही.

चार, शेतीपंप. त्याकडे पुढे येतो, कारण तिथे तंत्रापेक्षा दराची गोष्ट मोठी आहे.

पंख्यांच्या उदाहरणात माझी निवड अशी: भाडेकरू आणि छोट्या ग्राहकांसाठी बिलातून हप्ता, बाकीच्यांसाठी फक्त एकगठ्ठा खरेदीचा कमी भाव, आणि वायरमनसाठी प्रशिक्षण अधिक तालुक्यागणिक एक दुरुस्ती केंद्र. शेवटची बाब अंदाजपत्रकात सगळ्यात आधी कापली जाते. ती वाचवा.

पायरी 3: कागदावरचा हिशेब, आणि त्यातल्या प्रत्येक आकड्यापुढे प्रश्नचिन्ह

प्रस्तावात हिशेब साधारण असा येतो. जुना 75 वॅट, नवा 30, फरक 45 वॅट. वर्षाला 3,000 तास. म्हणजे पंख्यामागे 135 युनिट, लाख पंख्यांचे 1 कोटी 35 लाख. याला सूत्राने काढलेली बचत म्हणतात. उजालाच्या डॅशबोर्डवर दिसते तीही अशीच: वाटलेले बल्ब गुणिले ठरावीक वॅट गुणिले ठरावीक तास. सुरुवातीला हे ठीक आहे. अडचण होते ती पाच वर्षांनी तोच आकडा "साध्य" म्हणून छापला जातो तेव्हा.

म्हणून प्रस्तावातच एक पान जोडा: कोणता आकडा कुठून आला, किती खात्रीचा, आणि तो कोण, कधी तपासणार. 75 वॅट हा छापील आकडा की मोजलेला? 3,000 तास कुणी सांगितले? ग्राहकाला विचारलं तर तो "दिवसभर चालू असतो हो" म्हणतो. डिसेंबरात नाशिकला पंखा किती चालतो आणि मे महिन्यात चंद्रपूरला किती, याची सरासरी तोंडी मिळत नाही.

पायरी 4: बेसलाइन

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

पंख्यांत एक फसवी जागा आहे. 1 जानेवारी 2023 पासून छतपंख्याला तारांकित लेबल सक्तीचं झालं. त्या निकषांनुसार 1200 मिलिमीटरच्या पंख्याला एक तारा मिळवायलाही दर वॅटमागे मिनिटाला किमान 4 घनमीटर हवा द्यावी लागते, पाच ताऱ्यांसाठी 6. मिनिटाला 210 घनमीटर हवा देणारा पंखा धरला तर एक तारावाला सुमारे 52 वॅट घेणार, पाच तारावाला 35 किंवा कमी. आता विचार करा: ज्या कुटुंबाचा पंखा जळालाच आहे आणि जे दुकानात निघालेलेच आहेत, त्यांना योजना नसती तर काय मिळालं असतं? 75 वॅटचा पंखा नव्हे, 52 चा. त्यांच्यासाठी फरक 45 नसून 22 वॅट.

चालता पंखा काढून दिला तर 75 धरता येईल, पण तोही जुन्या पंख्याचं उरलेलं आयुष्य असेपर्यंतच. तो चार वर्षांनी बंद पडणारच होता, तर पाचव्या वर्षापासून बेसलाइन 52 वर आणायची. आणि खर्चाच्या बाजूला मग दोन पंख्यांतल्या किमतीचा फरक नाही, नव्या पंख्याची जवळजवळ पूर्ण किंमत मांडायची. बचतीला जुन्या पंख्याची बेसलाइन आणि खर्चाला नव्या खरेदीतला फरक, अशी सोयीची सरमिसळ मी एकापेक्षा जास्त अहवालांत पाहिली आहे.

पंपांची बेसलाइन वेगळी. तिथे महिन्याची युनिट पाहूच नका, हजार लिटरमागे किती युनिट ते पाहा. शंभर मीटर उंचीवर हजार लिटर पाणी चढवायला निसर्गनियमाने किमान 0.27 युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून 60 टक्के कार्यक्षम असतील तर 0.45, आणि 75 टक्के असतील तर 0.36. चढवायची उंची तीच असेल तर या मापात नवी टाकी, वाढलेले तास, उन्हाळ्यातलं जादा पाणी, सगळं आपोआप बाजूला होतं. त्यासाठी प्रवाह मोजावा लागतो. पाइपवर बाहेरून चिकटवायचा अल्ट्रासोनिक फ्लोमीटर भाड्याने मिळतो. बेंड किंवा व्हॉल्व्हपासून पाइपच्या व्यासाच्या निदान दहापट सरळ लांबी सोडून जागा धरायची, रंगाचे थर पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करायचा, जेल लावायचं, आणि डिलिव्हरीचा प्रेशर गेज आधी तपासून घ्यायचा, कारण निम्म्या जॅकवेलवर गेजचा काटा पंप बंद असतानाही चार किलोवरच अडकलेला असतो. एक दिवसाचं काम. तो दिवस पंप बदलण्याआधी काढायचा.

पायरी 5: तुलना कुणाशी करणार ते ठरवा

योजनेत आलेल्या घरांचं बिल आधी आणि नंतर पाहिलं तर त्यात हवामान, दरवाढ, घरात आलेला नवा एसी आणि शाळेच्या सुट्ट्या हे सगळं मिसळलेलं असतं. म्हणून तशाच, पण पंखा न मिळालेल्या घरांचा गट हवा.

सगळ्यात स्वच्छ मार्ग सोडतीचा, आणि म्हाडाच्या कृपेने ती कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पैसे पहिल्या वर्षी निम्म्याच पंख्यांचे असतात, मग अर्ज सगळ्यांचे घ्या आणि सोडत काढा: निम्म्यांना यंदा, निम्म्यांना पुढच्या वर्षी. थांबलेला गट हाच तुलनेचा गट. कुणावर अन्यायही नाही, कारण ओळखीपाळखीने वाटण्यापेक्षा सोडत नक्कीच बरी.

सोडत अर्जदारांमध्ये काढायची, वॉर्डांमध्ये नाही. का, ते आकड्यांत पाहा. घरगुती वापरात महिन्याला घराघरांत, समजा, 60 युनिटचा चढउतार आहे आणि आपल्याला शोधायचा फरक आहे 3 युनिटचा. ढोबळ नियम असा: चढउताराला फरकाने भागा, त्याचा वर्ग करा, 16 ने गुणा. 60 भागिले 3 म्हणजे 20, वर्ग 400, गुणिले 16 म्हणजे प्रत्येक गटात 6,400 घरं. आता वॉर्डच्या वॉर्ड निवडला आणि त्यात चारातल्या एकाच घराने पंखा घेतला, तर सरासरी फरक पाऊण युनिटवर येतो आणि लागणारी घरं सोळापट, एक लाखाच्या पुढे. मागच्या वर्षाच्या त्याच महिन्यांची बिलं हिशेबात घेतली की चढउतार बराच दबतो आणि बहुधा निम्म्याहून कमी घरांत भागतं. पण दोनशे घरांची बिलं पाहून "12 टक्के बचत" असं सांगणारा अहवाल आला तर चहा पाजून परत पाठवावा.

दोनशे घरं वेगळ्या कामाला उपयोगी पडतात. दीडदोनशे पंख्यांना छोटे लॉगर, म्हणजे आपोआप नोंद ठेवणारी यंत्रं, लावून वर्षभराचे खरे तास आणि खरे वॅट मोजा. बीएलडीसी दोन नंबरवर चालवला की वॅट झपाट्याने उतरतात, साधा पंखा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर त्या मानाने कमी उतरतो. लोक कुठल्या नंबरवर चालवतात ते विचारून कळत नाही. आणि तास मोजताना दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे ठेवा. दुपारी आता सौरवीज भरपूर असते. पंखा वाचवतो ती मुख्यतः रात्रीची वीज, आणि ती महाग असते. ही योजनेची जमेची बाजू आहे, प्रस्तावांत ती क्वचितच लिहिलेली दिसते.

पायरी 6: पैशाचा हिशेब चार जणांच्या बाजूने

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने 2010 मध्येच यासाठी दोन विनियम केले, एक अंमलबजावणीच्या चौकटीचा आणि एक खर्च-परिणामकारकतेच्या चाचण्यांचा. मोठ्या शब्दांना घाबरू नका. प्रश्न एकच, चार जणांना विचारायचा: ग्राहकाला परवडतं का, वितरण कंपनीला परवडतं का, पंखा न घेणाऱ्या बाकी ग्राहकांच्या दरावर काय परिणाम होतो, आणि सगळ्या समाजाला मिळून फायदा आहे का.

यातली मेख स्लॅबमध्ये आहे. 100 युनिटच्या आतला ग्राहक एक युनिट वाचवतो तेव्हा वितरण कंपनीचा बहुधा फायदा होतो, कारण ते युनिट ती पडत्या भावात विकत होती. 500 च्या वरचा ग्राहक वाचवतो तेव्हा कंपनीचं सगळ्यात किफायती गिऱ्हाईक हातचं जातं. म्हणजे श्रीमंत घरांत पंखे वाटायला कंपनीने उत्साह दाखवला नाही तर त्यात नवल नाही, आणि गरीब घरांत वाटायला उत्साह दाखवला नाही तर तिला तिचाच हिशेब कळलेला नाही. योजना कुणाला आधी द्यायची ते इथे ठरतं.

शेतीपंपांचं कोडंही इथेच आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा उपविभागात पाच फीडरवर (उपकेंद्रातून वीज नेणाऱ्या वाहिन्यांवर) बीईईने देशातला पहिला शेतीपंप बदलाचा प्रायोगिक प्रकल्प घेतला. गुंतवणूक एस्को, म्हणजे ऊर्जासेवा कंपनीची, शेतकऱ्याला नवा पंप फुकट, आणि वाचलेल्या विजेतला वाटा कंपनीला. कल्पना नामी होती. पण एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत आहे. शेतकऱ्याला विजेची किंमत शून्य असेल तर चांगल्या पंपाने वीज वाचत नाही, त्याच आठ तासांत जास्त पाणी निघतं. विहिरीत पाणी असेल तोवर ते पिकाला मिळतं, नसेल तेव्हा पाणीपातळी आणखी खाली जाते आणि पंपाला आणखी उंच चढवावं लागतं. मीटर नसलेल्या पंपांवर बचत मोजायची म्हणजे फीडरच्या आकड्यातून गळती आणि अंदाज वजा करत बसायचं. अशा ठिकाणी बचतीचं लक्ष्य ठेवूच नये असं माझं मत. फीडरवर मीटर, पाण्याचं माप आणि दिवसा वीज यांचं लक्ष्य ठेवावं.

पायरी 7: योजना चालू असताना

जुना पंखा कुठे जातो ते पाहा. भंगारवाल्याकडे दिला तर तो पुसून, ग्रीस लावून 400 रुपयांत विकतो आणि तो दुसऱ्याच्या खोलीत फिरतो. आपली बचत त्याच्या बिलात. जुना पंखा घेतला तरच नवा द्यायचा आणि गोळा केलेल्या पंख्यांची वायंडिंग तिथल्या तिथे कापायची. पाच मिनिटांचं काम आहे, कटर लागतो.

खोक्यात पडून राहिलेले पंखे, गावाकडच्या घरी पाठवलेले पंखे, लगेच ओएलएक्सवर आलेले पंखे, हे सगळं होतं. तीन महिन्यांनी न सांगता पाच टक्के घरं तपासा. दुरुस्ती केंद्रावर आलेल्या पंख्यांची नोंद ठेवा, कारण सर्किट दोन वर्षांत जाणार असेल तर आठ वर्षांचं आयुष्य धरून केलेला सगळा हिशेब कोसळतो.

पायरी 8: वजाबाकी

आता 135 युनिटचं काय उरतं ते पाहू. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमच्या शहराचे तुम्ही मोजायचे.

सगळे पंखे नव्या खरेदीच्या जागी गेले असं धरू: फरक 22 वॅट. लॉगरवर तास निघाले 2,200. गुणाकार 48.4 युनिट. तपासणीत 92 टक्के पंखे छताला लागलेले सापडले: 44.5. अर्जदारांत चारातला एक जण योजना नसती तरी बीएलडीसीच घेणार होता. अशा "तसंही घेणाऱ्यां"ची बचत योजनेची नाही. उरले 33.4. कागदावरच्या आकड्याचा चौथा हिस्सा.

इथे अधिकारी खचतात आणि अहवाल कपाटात जातो. तसं करू नका, पुढचा हिशेब करा. सवलत आणि व्यवस्थापन मिळून पंख्यामागे 650 रुपये गेले. आठ वर्षं आयुष्य आणि 10 टक्के व्याज धरलं तर वर्षाला साधारण 122 रुपये पडतात. 135 युनिटच्या गोड हिशेबाने वाचवलेलं युनिट 90 पैशांना पडलं असतं; खऱ्या हिशेबाने 3 रुपये 65 पैशांना. वाटेत 15 टक्के वीज गळते असं धरलं तर घरात 33.4 युनिट वाचली की वीजकेंद्राकडची 39.3 युनिट वाचतात, आणि भाव 3 रुपये 10 पैसे होतो. रात्रीची वीज याहून महाग घ्यावी लागत असेल तर योजना खऱ्या आकड्यांवरही टिकते. कार्बनचा हिशेब हवा असेल तर युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हा देशाच्या ग्रिडचा आकडा वापरा, पण तोही 39.3 वर लावा.

एक वजाबाकी मी करत नाही. पूर्वी उकाड्यात पंखा एक नंबर कमी ठेवणारी आजी आता पाचवर ठेवून झोपते. पाठ्यपुस्तकात याला रिबाउंड म्हणतात आणि तोटा म्हणून मांडतात. अकोल्याच्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात मिळालेली झोप हा तोटा नाही. तो वेगळ्या रकान्यात लिहा आणि रकान्याला "मिळालेला आराम" असं नाव द्या.

बिलांचा डेटा मागतानाची एक सूचना. वितरण कंपनीला पत्र लिहाल तेव्हा युनिटबरोबर रीडिंगच्या दोन्ही तारखा आणि मीटरची स्थिती हे रकाने मागून घ्या. ज्या बिलावर आरएनए (रीडिंग मिळालं नाही), लॉक (घर बंद) किंवा फॉल्टी (मीटर नादुरुस्त) असा शेरा आहे ते युनिट मोजलेलं नसून सरासरीने टाकलेलं असतं. अशी बिलं न गाळता केलेलं विश्लेषण म्हणजे कंपनीच्या अंदाजावर आपला अंदाज. ग्राहक क्रमांक झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन डेटा मागितला तर परवानगी लवकर मिळते.

पायरी 9: कोण तपासणार आणि कधी थांबायचं

ज्याने पंखे पुरवले त्याने बचत मोजायची नाही. एकूण खर्चाच्या तीन ते पाच टक्के मूल्यमापनासाठी पहिल्याच मंजुरीत बाजूला काढा, नंतर ते मिळत नाहीत. तपासणाऱ्याची नेमणूक पंख्यांच्या निविदेआधी व्हावी, म्हणजे लॉगर वेळेत लागतात. आणि मंजुरीच्या ठरावात दोन ओळी घाला: वाचवलेल्या युनिटचा भाव अमुक रुपयांच्या वर गेला, किंवा तसंही घेणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर गेलं, तर सवलत बंद. पंख्यांत हे दुसरं कधीतरी होणारच आहे, बाजारात बीएलडीसी रुळला की सवलतीची गरज संपते. त्या वेळी पैसा नव्या अडथळ्याकडे, बहुधा एसीकडे, न्यावा.

त्या जॅकवेलवर गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. डिलिव्हरी लाइनवर आता कायमचा फ्लोमीटर आहे आणि लॉगबुकात त्याचा नवा रकाना आखला आहे, पट्टी न वापरता. रात्री दोनला 81 अँपिअर, पहाटे पाचला 77, मध्ये एका ओळीत फक्त "लाईट गेली, 3.10 ते 3.50". त्याखाली निळ्याऐवजी काळी शाई.